अखंड कानाची मेंढी

माझ्याजवळ चित्रकलेचे सामान फारसे नाही. दोन बोरू आहेत, एक बारीक कापलेला आणि एक रुंद. पोलादी निबांची एक डबी आहे, तिच्यातली चारच निबे धड चालतात. एक कुंचला बाजारातला आणि एक मी स्वतः बांधलेला, करडाच्या शेपटीच्या केसांचा. बाजारातला दिसायला देखणा, पण रंगात बुडवला की त्याचे टोक फुटते. माझ्या कुंचल्याचे फुटत नाही. कोळसाही मी घरीच करतो. तुरीच्या वाळक्या काटक्या गाडग्यात भरायच्या, तोंड मातीने लिंपायचे आणि गाडगे गोवऱ्यांच्या आरात ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी निघतो तो कोळसा इतका मऊ असतो की कागदाला हात लावायच्या आधीच उमटल्यासारखा वाटतो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा सोबती विचारतो, तू इथे बी. ए. करायला आलास की स्वयंपाक करायला?

तोच एकदा म्हणाला, "एवढं चांगलं काढतोस, मग घरच्यांना दाखवतोस की नाही?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याला जे सांगता आले नाही ते इथे लिहून पाहतो. नीट जमेल याची खात्री नाही.

आमच्या घरात माझ्या आधी कोणी शाळेत गेले नव्हते. आमचे गाव सांगोल्याच्या अंगाला, माळावर. वडील मेंढरे राखतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. उन्हाळा लागला की आमचा कळप गाव सोडून सोलापूरच्या बाजूला येतो आणि पिके निघालेल्या रानांत बसतो. शेतकऱ्याला खत मिळते, आम्हाला धान्य. एका माळावर तीन-चार घरांची मेंढरे एकत्र चरतात. कोणाची कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. कोकरू थोडे मोठे झाले की कात्रीने त्याच्या कानाच्या कडेला काप द्यायचा आणि वर हळद-तेल लावायचे. आमच्या घराची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन काप आणि उजव्याला खालून एक. हे मला बाराखडीच्या आधी येत होते.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमची एक मेंढी चुकली. आबा वाटेवरच्या प्रत्येकाला तिचे वर्णन सांगत फिरत होते. मला काही काम नव्हते. चुलीतला कोळसा घेऊन मी एका सपाट दगडावर ती मेंढी काढली. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, पोपटासारखे बाकदार नाक, लोंबते कान आणि कानाला काप. दुपारी दुसऱ्या कळपातला एक म्हातारा पाणी प्यायला थांबला. दगडाकडे बघून म्हणाला, "अरं, ही तर सकाळधरनं आमच्यात हिंडतीया की." संध्याकाळी मेंढी परत आली. आबांनी तिचे कान चाचपून पाहिले. रात्री जेवताना आईला म्हणाले, "ह्या पोराला साळंत घालावं म्हन्तो." नात्यातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले. एक चुलता वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

मी चित्र का काढतो असे कोणी विचारले तर मला तो म्हाताराच आठवतो. बघणाऱ्याने थांबून म्हणावे, ही अमक्याची, ही मी पाहिली आहे. यापलीकडे मला काही हवे होते असे वाटत नाही. पुढे मला सोलापूरला शिकायला ठेवले; तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंगच्या परीक्षांसाठी मी पाण्याचे तांबे, सुरया, वेलबुट्ट्या पुष्कळ काढल्या आणि मार्कही बरे मिळाले, पण त्या कोणाच्याच नव्हत्या.

मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मी शहरातल्या, दगडावरून छापणाऱ्या एका शिळाप्रेसमध्ये चित्रे काढायला लागलो. तिथे कापडाच्या ठाणांवर चिकटवायची रंगीत तिकिटे छापत, लग्नपत्रिका छापत. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की मशीन थांबे आणि आम्ही सावलीला बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात असू. मशीन चालवणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. दगड घासून गुळगुळीत करणे, त्यावर चित्र उतरवणे, शाई लावणे, सगळे त्यांनी मला शिकवले. ते म्हणत, "कागद माफ करता बेटा, पत्थर नहीं करता."

त्याच वेळी आमच्या हायस्कुलातले निवृत्त हेडमास्तर पहिल्या इयत्तेचे वाचनाचे पुस्तक तयार करीत होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. त्यांनी चित्रांचे काम मला दिले. त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचे नाही. मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी मला रोज संध्याकाळी आपल्या ओसरीवर बसवून इंग्रजी शिकवले, त्याचा एक आणा घेतला नाही. पुण्याच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल त्यांचे जुने सहाध्यायी होते. गुरुजींनी पत्र दिले तर मला फीमाफी आणि वसतिगृहात जागा मिळणार होती. पत्र नाही तर कॉलेज नाही, इतके ते साधे होते.

पुस्तकात कावळा होता, बैल होता, विहीर होती आणि मेंढी होती. मेंढी मी सर्वांत आधी काढली. आमच्या कळपातली टिळ्याची एक मेंढी मनात धरून काढली. एका मंगळवारी आबा बाजाराला आले तेव्हा प्रेसच्या दारात उभे राहिले. आत यायला ते संकोचत होते. मी कागदच बाहेर नेला. त्यांनी हात धोतराला पुसले, तरी कागद हातात घेतला नाही. मी धरला आणि ते वाकून बघू लागले.

"अरं, ही आपली टिळ्याची!"

"व्हय आबा."

"काप बी घातलास?" त्यांनी नखाने कानाजवळ दाखवले.

"घातला की. डाव्याला दोन, उजव्याला खालनं एक."

"छापल्यावर ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल."

आतून चाचा ओरडले, "दादा, तुमारी बकरी में में करतीय, चारा डालो उसको!" आबा हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिले आहे. जाता जाता म्हणाले, "समद्यास्नी सांगतो. बुक आलं की घिऊन येतो त्यास्नी."

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आपल्या ओसरीवर चित्र पाहिले.

"हे काय काढलंस?"

"मेंढी, गुरुजी."

"मला तर बकरी वाटली. लोकर कुठाय?"

"आपल्याकडची अशीच असते. लोकर आखूड असते."

"अरे, धड्यात काय लिहिलंय? मेंढी आपल्याला लोकर देते. मग पोराला लोकर दिसायला नको?" त्यांनी एक इंग्रजी रीडर उघडून पुढे सरकवले. गुडघाभर गवतात एक पांढरी, गोल मेंढी उभी होती. गळ्यात घंटा. "अशी काढ. छान, गुटगुटीत."

"पण अशी मेंढी मी कधी पाहिली नाही, गुरुजी."

"मग आता पाहा की! मी सिंह कुठं पाहिलाय? चाळीस वर्षं सिंहाचा धडा शिकवला."

ओसरीवर बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. मला खरोखर वाटले की त्यांचे म्हणणे बरोबर असेल. ते शिकलेले, मी शिकायला निघालेला. पुस्तक कसे असावे हे त्यांना ठाऊक, मला फक्त मेंढ्या ठाऊक. मी प्रेसवर येऊन काळे अंग पांढरे केले, नाक सरळ केले, पाय आखूड केले, अंगभर बोरूने लहान लहान वेटोळी काढली. वेटोळी काढायला मजा येत होती, हेही कबूल करायला हवे. हात भराभर चालत होता. चाचांनी बघितले आणि कपाळाला हात लावला, "ये क्या रे? बादल को पाँव निकले सरीका दिसताय."

कान मात्र मी बदलले नाहीत. त्या पांढऱ्या ढगाला मी आमचेच काळे लोंबते कान ठेवले, कापासकट. मनाला समजावले की एवढे राहिले म्हणजे आबांना दिलेला शब्द राहिला. गुरुजींनी कागदावर ते पाहिले नाहीत, किंवा पाहून सोडून दिले. मी ते चित्र दगडावर उतरवले.

पहिला छाप काढला त्या दिवशी गुरुजी प्रेसवर आले. चष्मा वर करून त्यांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेले. मेंढीपाशी थांबले.

"कान कुरतडलेला का?"

"तो काप आहे, गुरुजी. आमच्यात खूण म्हणून..."

"उंदरानं खाल्ल्यासारखा दिसतोय. पोरं विचारतील, मास्तर काय सांगणार? शाळाखात्याच्या कमिटीतले तर म्हणतील छपाईच बिघडली."

"तेवढं राहू द्या, गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. मी त्यांना असे कधी बोललो नव्हतो. ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तुझं पत्र लिहून ठेवलंय. उद्या टपालात टाकतो. तू हे एवढं उरकून टाक, म्हणजे दोन्ही कामं माझ्या डोक्यावरून उतरली."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ती धमकी नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात दोन कामे होती, त्याने दोन्ही एका दमात सांगितली, इतकेच. पण मी ते तसे ऐकले नाही. मला वाटले, कान आणि पत्र एकाच तागडीत आहेत. आणि मी दुसऱ्यांदा बोललो नाही. दुसऱ्यांदा बोललो असतो तर कदाचित ते म्हणाले असते, बरं बाबा, राहू दे. ही शक्यता मला सगळ्यांत जास्त छळते.

दगडावरचे काढून टाकायचे तर पात्याने खरवडावे लागते, पुन्हा दगड तयार करावा लागतो. भर घालायला नुसते तुरटीचे पाणी फिरवले की पुरे. बारीक कुंचला तेलकट शाईत बुडवला आणि जिथे काप होते तिथे कानाची कड पुरी केली. तीन फटकारे. चाचा मागे उभे होते.

"बस? इतनाच?"

"इतनाच."

पुस्तक पावसाळ्याच्या तोंडावर तयार झाले. पुढच्या मंगळवारी आबा आले ते एकटे आले नाहीत. बरोबर वर्षभर न बोललेला तो चुलता होता आणि आमच्या माळावरचा सर्वांत म्हातारा मेंढपाळ होता. तिघेही धुतलेल्या पटक्यात. प्रेसच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसले. मी पुस्तकाची एक प्रत आणली. पान उघडून त्यांच्यापुढे धरण्याआधी काही सांगावे असे मनात आले, पण तोवर पान उघडले होते.

तिघांनी माना पुढे केल्या. मग म्हातारा म्हणाला, "ही कंची रं? इलायतची हाय का?"

"लोकर बगा की आज्जा!" चुलता म्हणाला. "हिच्या एकटीत चार घोंगड्या व्हतील. लेका, हिला काय दूधभात चारतूस व्हय?"

दोघे खदखदून हसले. आबा हसले नाहीत. ते पानावर वाकले होते. त्यांना अंग दिसत नव्हते, लोकर दिसत नव्हती. ते सरळ कानाकडे गेले होते. बोट डाव्या कानाच्या कडेवरून फिरले, मग उजव्या कानाच्या खालून फिरले, आणि परत डाव्यावर आले.

चुलत्याने ते पाहिले. तो हसायचा थांबला. "दादा, काप कुटं हाय? तू तर म्हनला व्हतास तुजी टिळ्याची हाय." आणि मग, अर्धे चेष्टेत आणि अर्धे नाही, "बिनकापाची मेंढी आपली म्हनतूस, कुनाची हाकून आनलीस काय?"

आमच्यात ही चेष्टा कोणी कोणाची करीत नाही. अखंड कानाचे मोठे मेंढरू ज्याच्याजवळ सापडते त्याला लोक चार गोष्टी विचारतात. आणि आबा तर असे की एकदा दुसऱ्याची मेंढी दोन महिने आमच्या कळपात राहिली, आमच्यातच व्याली, तरी मालक सापडल्यावर त्यांनी ती कोकरासकट चालत नेऊन पोचवली होती. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी बोलू शकत होतो. कान मी बुजवला, आबांना ठाऊक नव्हते, एवढे दोन शब्द पुरे होते. मी पुस्तकाची कड बोटाने सरळ करीत राहिलो.

"आमचीच हाय," आबा म्हणाले. "काप द्यायचा ऱ्हायलाय."

चुलत्याने पटका नीट केला. म्हाताऱ्याने तंबाखू काढली. थोड्या वेळाने दोघे बाजारातले काम आठवून उठले.

मी आबांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. विणकरांच्या गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट येत होता, बांबूंवर ओले लाल सूत वाळत होते. आबा नेहमी तिथे थांबून सुताला हात लावून बघत. त्या दिवशी थांबले नाहीत. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले,

"हे बुक कुन्या कुन्या साळंत जानार?"

"जिल्ह्यातल्या लई साळांत जाईल, आबा."

"आपल्या गावच्या बी?"

"जाईल की."

"मग आपल्या पोरांस्नी हीच मेंढी दावनार. आन् घरला आल्यावर आपली दिसली की पोरगं म्हननार, ही चुकीची हाय."

मी वाटेतला खडा पायाने सारला. थोडे चालून झाल्यावर ते थांबले. आवाजात राग नव्हता, उलट ते मला समजावीत असल्यासारखे बोलले.

"तुजं बी काय चुकलं न्हाय. लई वरसं झाली तू शहरात हायस. मेंढरात ऱ्हायला न्हायस. इसरलास. व्हतं तसं."

आता खरे सांगणे भागच होते. मी काही विसरलो नव्हतो. डोळे मिटून मी त्या मेंढीच्या टिळ्याची कड काढू शकत होतो. मी विसरलो नाही, मी ते दिले, एका पत्रासाठी दिले, तेही कोणी तसा सौदा मागितला नसताना. हे सांगितले असते तर आबांना ते समजले असते की नाही कोण जाणे. पण विसरणारा मुलगा त्यांना सोसत होता. देऊन टाकणारा सोसला असता असे मला वाटले नाही.

"व्हय आबा," मी म्हणालो. "इसरलो."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "फुडच्या मंगळवारी येतो" म्हणून चालू लागले.

पुढच्या मंगळवारी ते आले ते टिळ्याची मेंढी घेऊन. बाजारात विकायला नाही. पाच कोस तिला चालवत आणली होती. शहरातल्या टांग्यांना आणि सायकलींना ती बुजत होती, आणि आबा तिला काखेत धरून, चुचकारत प्रेसच्या ओट्यापाशी घेऊन आले. चाचांनी घमेल्यात पाणी ठेवले.

"बस," आबा मला म्हणाले. "कागुद आन. आज नीट बगून घे. कालिजात जायाच्या आदी एकडाव डोळ्यात बसली की मग न्हाय इसरायचास."

मी कागद आणि कोळसा घेऊन बसलो. गुरुजींचे पत्र गेले होते आणि पुण्याहून उत्तरही आले होते. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. आबा गुडघ्यावर बसून तिचे डोके धरून राहिले. "हितं बग. नाक असं वळतंय. हां. आता कान." त्यांनी तिचा डावा कान दोन बोटांवर पसरला, पहिला काप दाखवला, मग दुसरा, लहान मुलाला दाखवतात तसा. "ध्यानात आलं?"

"आलं," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच बघतो आहे असा चेहरा करून बघत राहिलो.